नांदेडच्या पाट्यांवरचा गुरुमुखी ‘स’

लातूरहून पाहुणे आले की मी त्यांना सचखंड गुरुद्वारात नेतो. परवा भाचीने तिथली गुरुमुखी पाटी ‘म’पासून वाचायला घेतली. तो होता ‘स’!

गुरुमुखी ‘स’ आपल्या ‘म’सारखाच दिसतो. मग त्यांचा ‘म’? आकार जवळपास तोच, फक्त डावीकडे माथा उघडा, वरची रेघ सलग नाही.

प-धचंही तसंच. माथा उघडा तो ‘प’, बंद तो ‘ध’. आपल्या अगदी उलट. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मा गोंधळ मिटतो.

सरावाला ‘सतनाम’ लिहा. पहिलं अक्षर बंद माथ्याचं, शेवटचं उघड्या. काना आपल्यासारखाच उजवीकडे, पण आखूड.

ही लिपी घडवली दुसरे गुरू अंगददेव यांनी. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गुरुगादी ग्रंथसाहिबाला दिली ती आपल्या नांदेडात, आणि तो १४३० पानांचा ग्रंथ सगळा गुरुमुखीत आहे. देवनागरी येणाऱ्याला ही लिपी फार लवकर जमते. नांदेडकरांनी तर शिकायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

कुठलं अक्षर अडतंय? पाटीचा फोटो टाका, मिळून वाचू.