चौघांचा बांध, एकच जीव

न्यूझीलंडच्या 'निंजा किवी'ने 2018 साली आणलेला 'ब्लून्स टीडी 6' हा टॉवर डिफेन्स गेम: वळणाच्या वाटेवरून फुग्यांच्या लाटा येतात आणि माकडांनी ते वाटेतच फोडायचे. को-ऑपमध्ये चार जणांपर्यंत एकत्र खेळता येतं. नकाशाचे तुकडे पडतात, आपापल्या हद्दीतच माकडं उभी करायची. भाऊबंदकीतला बांध आठवावा असा प्रकार. फुगे फुटून मिळणारा पैसा सगळ्यांत विभागला जातो, त्यामुळे प्रत्येकाची थैली कायम हलकी. 'लाइव्ह्ज', म्हणजे जीव, मात्र सामाईक. एकाच्या हद्दीतून निसटलेला फुगा चौघांचंही खातं कापतो.

खरी परीक्षा ठरावीक फेऱ्यांना. 24व्या फेरीत पहिला छुपा फुगा येतो. साध्या डार्ट माकडाला तो दिसतच नाही, निंजा माकडाला दिसतो. 28व्या फेरीत शिशाचा फुगा येतो, त्यावर टोकदार डार्ट बोथट ठरतात. तिथे बॉम्ब लागतो. म्हणजे छुप्यांसाठी कोण आणि शिशासाठी कोण, हे आधीच ठरलेलं बरं. चौघांनीही हौसेने एकच माकड घेतलं, तर हसं होतं. 40व्या फेरीत 'मोआब' हे पहिलं हवाई जहाज येतं. ते फुटलं की पोटातून चार सिरॅमिक फुगे निघतात.

खेळातल्या खेळात साथीदाराला पैसे पाठवता येतात. अनोळखी माणसाने ऐन वेळी पाठवलेली ती रक्कम परत मागायची सोय नाही; तरी लोक पाठवतात.