मागावर जन्मलेली गाडी

संपादकांना टोयोटाच्या इनोव्हावर लेख हवा होता. सोलापुरातून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर अशी देवदर्शनं करायला निघालेल्या कुटुंबांना हीच गाडी लागते. लग्नात नवरदेव तिच्यातून उतरतो, निवडणुकीत पुढाऱ्यांच्या ताफ्यात ती असतेच. कंपनीचा इतिहास थोडक्यात द्या आणि नाराज मालकांचं म्हणणं मांडा, एवढंच काम होतं. इतिहास चाळायला घेतला आणि पहिल्याच पानावर थांबले. टोयोटा हे घराणं मुळात गाड्यांचं नाही, मागांचं आहे. सोलापूरसारख्या गावात राहून हे वाचल्यावर आधी शोरूमकडे पाय वळणं शक्य नव्हतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात गेले.

आत खटखटाट इतका की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. पन्नाशीतल्या एका कामगाराकडे दोन माग होते. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. ‘मामा, धागा तुटला तर मागाला कसं कळतं?’ असं विचारल्यावर ते हसले आणि मला मागाच्या कडेला घेऊन गेले.

चालू-बंद करायच्या हँडलजवळ बोटाएवढा, तीन दातांचा एक लोखंडी काटा असतो. धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो, मागे आडवा धागा सोडतो, आणि तो धागा कापडात ठोकून बसवायला फणी पुढे येते. येता येता हा ताजा धागा काट्याच्या दातांवर टेकतो. रेटा असून असून किती, एका धाग्याचा. पण तेवढ्याने काटा मागे कलतो, त्याची शेपटी वर उचलली जाते, आणि खालून येणारा आकडा तिला न लागता परत जातो. कांडी संपली किंवा धागा तुटला की दातांसमोर काहीच नसतं. ते फणीलगतच्या जाळीतून आरपार जातात, शेपटी खालीच राहते, आकडा तिला पकडून मागे ओढतो आणि हँडल खटकन सुटतं. माग उभा राहतो. मामांनी मुद्दाम धागा तोडून दाखवला. त्या एका मागापुरता खटखटाट बंद झाला.

‘माणूस बघायचं विसरंल, ताई, हा विसरत नाही,’ ते म्हणाले. मजुरी नगावर असते, उभ्या मागाचे पैसे मिळत नाहीत. मग हा काटा अडचणीचा नाही का? ‘तारेनं बांधून ठिवला तर माग थांबायचाच नाही की. पण कापडात फट पडते. माल परत येतो, पैसे आमचेच कापतात.’

हे वाक्य पुढे कंपनीची कागदपत्रं वाचताना सतत आठवत राहिलं.

हा काटा टोयोटाच्या मूळपुरुषाने शोधलेला नाही. १८४१ साली इंग्लंडात लँकेशायरच्या विणकामगिरण्यांत तो आला. हे मूळपुरुष म्हणजे साकिची टोयोडा. त्यांचा जन्म १८६७ चा, एका सुताराच्या घरातला. १८९६ साली त्यांनी लाकूड आणि लोखंड वापरून यंत्रमाग केला. आडवा धागा तुटला की थांबण्याची सोय त्यात होती. पण त्यांचं डोकं एवढ्यावर थांबणारं नव्हतं. उभे धागे हजारोंनी असतात, त्यांतला एक तुटला तरी माग थांबला पाहिजे. आणि कांडी संपली तर थांबताच कामा नये, चालू मागातच धोटा बदलला गेला पाहिजे. या दोन्ही गोष्टी आणि अशा कितीतरी सुधारणा १९२४ च्या ‘जी’ मागात एकत्र आल्या. विणकराने मागावर डोळा लावून बसण्याची गरज उरली नाही, एकेक कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला. १९२६ साली कारिया गावात टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स ही कंपनी निघाली. १९२९ साली लँकेशायरच्याच ओल्डम गावातल्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ज्या मुलखातून जगभर माग गेले, तिथल्या सर्वांत बड्या कारखानदारांनी जपानी सुताराच्या मुलाला पैसे मोजले. आपल्या सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये १८७७ पासून विलायती यंत्रांवर सूत निघत होतं, हे माहीत असणाऱ्याला या घटनेचं वजन वेगळं सांगायला नको.

साकिचींचा मुलगा किइचिरो. त्याने १९३३ साली या मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग काढला. १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी वेगळी झाली. (सुझुकीचीही गोष्ट अशीच आहे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली हामामात्सूत मागांचाच कारखाना काढला होता. सोलापूरच्या रस्त्यांवरच्या बऱ्याचशा गाड्यांची मुळं अशी मागाखाली सापडतात, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.)

नाराज मालकांचा इतिहास शोधायचा तर तो पहिल्या गाडीपासूनच सुरू होतो. १९३५ च्या नोव्हेंबरात कंपनीने ‘जी-१’ नावाचा ट्रक तोक्योत लोकांसमोर मांडला. तिकडे नेताना वाटेतच त्याच्या स्टिअरिंगचा एक भाग मोडला. विकलेले ट्रकही वरचेवर बंद पडत, मागचा अ‍ॅक्सल तुटे. तेव्हा कंपनीने काय केलं, हे मला तिच्या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. बंद पडलेल्या गाडीपर्यंत माणूस लगेच पोचावा म्हणून सुरुवातीची विक्री जवळपासच्या भागात ठेवली. ट्रक जिथे अडेल तिथे कारागीर धाडले, मोडलेला भाग कारखान्यात परत आणून का मोडला ते पाहिलं आणि आराखडा बदलला. धागा तुटला, माग थांबला, दोष सापडला, माग पुन्हा सुरू झाला. पुढे कारखान्यातल्या कुठल्याही कामगाराला दोष दिसताच दोरी ओढून अख्खी लाइन थांबवता येईल, अशी व्यवस्था त्यांनी केली. जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत ती आजही शिकवतात.

भारतात आज दिसणारं टोयोटा घराणंही कापडाच्या यंत्रांच्याच वाटेने आलं आणि मराठी माणसाच्या हातात हात घालून आलं. बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी, अशी लक्ष्मणराव किर्लोस्करांची वाट. सोलापूरकरांना हे नाव होटगी रोडवरच्या ओतकामाच्या कारखान्यामुळे माहीत आहे. जुनी माणसं त्याला अजून शिवाजी वर्क्सच म्हणतात. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी १९९५ साली बंगळुरूजवळ जिगणीत टोयोटाच्या मूळ कंपनीबरोबर सूतकताईची यंत्रं करायला घेतली. टोयोटा किर्लोस्कर मोटर १९९७ ची. २००० साली क्वालिस आली, २००५ साली चांगली चालू असलेली क्वालिस बंद करून इनोव्हा आली. पुढे २०१६ साली त्याच जिगणीत याच घराण्याच्या कंपनीने डिझेल इंजिनांचा कारखाना सुरू केला. सुताची यंत्रं आणि इनोव्हा, फॉर्च्युनरची इंजिनं, दोन्ही एकाच औद्योगिक वसाहतीत.

इथपर्यंत लिहिताना मन कौतुकाने भरलं होतं. पुढचं लिहिताना ते तसं राहिलं नाही.

२००८ साली टोयोटा जगातली सर्वांत मोठी कार कंपनी झाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात तिची एक गाडी भरधाव सुटली, थांबलीच नाही, आणि एका कुटुंबातली चार माणसं गेली. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलमध्ये पायपुसणं अडकलं होतं. मग काही गाड्यांत दाबलेलं पेडलच वर येत नाही, हेही समोर आलं. लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत आठ मॉडेलांची विक्री थांबली. फेब्रुवारीत साकिचींचे पणतू अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. आमची वाढ आमच्या माणसांच्या तयारीपेक्षा वेगाने झाली आणि सुरक्षितता आधी, मग दर्जा, मग विक्री हा क्रम बिघडला, अशी कबुली त्यांनी दिली. तरी प्रकरण तिथे मिटलं नाही. ग्राहकांची दिशाभूल केल्याचं मान्य करून २०१४ साली कंपनीने अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरले.

दुसरं गाऱ्हाणं ऑस्ट्रेलियाचं. तिथे ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकलेल्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो या डिझेल गाड्यांच्या धुराच्या गाळणीत दोष होता. पांढरा धूर, घाण वास, वाढलेला डिझेलचा खर्च आणि वर्कशॉपच्या फेऱ्या. सुमारे २ लाख ६४ हजार गाड्यांच्या मालकांच्या वतीने एकत्र दावा झाला. २०२२ साली न्यायालयाने दोष मान्य केला आणि गाडीची किंमत साडेसतरा टक्क्यांनी कमी भरते असं धरलं. अपिलात तो आकडा दहावर आला. भरपाई कशी मोजायची हा वाद तिथल्या सर्वोच्च पातळीपर्यंत गेला. त्या गाड्या वेगळ्या, रस्ते वेगळे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की एकेकट्याने वर्कशॉपमध्ये भांडणारे लोक एका दाव्यात एकत्र आले, तेव्हाच त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं.

तिसरी गोष्ट सर्वांत जिव्हारी लागणारी. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्या मालकीच्या डायहात्सूने सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं फसवणूक केल्याचं बाहेर आलं, ६४ मॉडेलं त्यात होती. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, दुसरा अहवाल आला आणि तो खुद्द टोयोटा इंडस्ट्रीजबद्दल होता. म्हणजे १९२६ ची ती मागाचीच कंपनी. डिझेल इंजिनांची ताकद मोजताना चाचणीच्या इंजिनात विक्रीच्या गाड्यांपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर घातलं होतं, आकडे एकसारखे, नीटनेटके दिसावेत म्हणून. जगभरात दहा मॉडेलांची रवानगी थांबली. भारतात इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स काही दिवस अडकून पडल्या, फेब्रुवारीत पुन्हा निघाल्या. इंजिनं ठरलेल्या मर्यादेत आहेत, गाडी वापरणं थांबवायची गरज नाही, असं कंपनीने फेरतपासणीनंतर सांगितलं.

ते मान्य करू. तरी जो कारखाना तुटलेल्या धाग्यावर थांबणाऱ्या मागासाठी निघाला, त्याने स्वतःचाच काटा बांधून ठेवला. चौकशी अहवालात मुदतींचं दडपण दिसतं, वरिष्ठांना अडचण सांगण्याची भीती दिसते. दोरी ओढायची सोय गाड्यांच्या लाइनवर होती. चाचणीच्या प्रयोगशाळेत बसलेल्या इंजिनिअरला ती मिळाली नव्हती.

आता आपल्या गावातलं. सात रस्त्याजवळ भेटलेल्या एका चालक-मालकाने डॅशबोर्डवर पेटलेला पिवळा दिवा दाखवला. एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, तेव्हापासून कुठल्याही कंपनीच्या डिझेल गाडीत काजळीची गाळणी असते. साचलेली काजळी जाळायला धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, त्यासाठी गाडी काही वेळ न थांबता धावली पाहिजे. देवदर्शनाच्या गाड्यांचं उलट असतं. भाविक रांगेत, गाडी पार्किंगमध्ये, आत एसी लावून बसलेली आजी, आणि तासभर जागच्या जागी चालू इंजिन. काजळी साठत जाते. ‘विकताना हे कुणी सांगितलं नव्हतं,’ तो म्हणाला. वर्कशॉपने प्रत्येक वेळी गाळणी साफ करून बिल दिलं, पण तक्रार म्हणून कागदावर काही लिहिलं नाही. त्यानेही मागितलं नाही. एक दिवस गाडी उभी म्हणजे एक दिवसाचं भाडं गेलं, मग वाद घालत कोण बसणार?

माझी खरी काळजी ही आहे. मालकाची तक्रार हाच गाडी कंपनीपुढे येणारा तुटलेला धागा. ती काट्यापर्यंत पोचलीच नाही, तर चांगल्यातली चांगली कंपनीही थांबणार नाही. वाईट कंपनीचा तर प्रश्नच नाही.

आपल्याकडे कायदा आता बऱ्यापैकी हाताशी आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ‘११०-अ’ हे कलम आलं. सदोष गाड्या परत बोलवायला कंपनीला भाग पाडण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत आणि दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. पण एका मॉडेलच्या किती गाड्या विकल्या, त्या मानाने ठराविक संख्येने तक्रारी नोंदल्या गेल्या तरच चौकशीचं चाक फिरतं. सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार ‘वाहन’ पोर्टलवर करता येते. आपली एक तक्रार तिथे मोजली जाते, वर्कशॉपच्या काउंटरवर चढवलेला आवाज मोजला जात नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे कंपनी कुठेही असो, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंतच्या किमतीच्या गाडीसाठी जिल्हा आयोग पुरतो. ‘धंद्याची गाडी आहे, तुम्ही ग्राहक नाही,’ असं भाडोत्री गाडीवाल्याला हमखास ऐकवलं जातं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी धंद्याच्या गाडीच्या या अपवादात बसत नाही, तिचा मालक कायद्याने ग्राहकच असतो. सोलापुरातल्या एक-दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

तेव्हा गाडी कुठल्याही कंपनीची असो, वर्कशॉपमध्ये शिरताना दोष आपल्या शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्या, त्यावर तारीख आणि किलोमीटर टाकायला लावा, आणि प्रत मागून घ्या. दुरुस्ती फुकट झाली तरी प्रत सोडू नका. चासी नंबर टाकून आपली गाडी परत बोलावलेल्यांत आहे का ते कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. शेजारच्या गाडीवाल्याला तोच त्रास असेल तर त्यालाही तक्रार नोंदवायला लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.