विजेच्या मोटारीची पादत्राणे

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी दुरून आपल्या मातापितरांस सल्ले द्यावेत, ही आमच्या समाजातील आता जुनी झालेली रीत आहे. पूर्वी हे सल्ले औषधांविषयी किंवा ठेवींविषयी असत. सांगलीतील घरांपुढे विजेच्या मोटारी उभ्या राहू लागल्यापासून त्यांत टायरांची भर पडली आहे. म्युनिकहून किंवा टोरांटोहून चिरंजीव विचारतात, "बाबा, टायर हिवाळी घेणार की बारमाही?" चिरंजीवांचा हेतू चांगला असतो, व त्यांच्या गावापुरता त्यांचा प्रश्नही अगदी खरा असतो. परंतु तो जशाचा तसा कृष्णाकाठी आणून ठेवला म्हणजे गृहस्थ नसत्या काळजीत पडतो, आणि ज्या गोष्टीची काळजी वाहावयास पाहिजे ती तशीच राहून जाते.

रबर थंडीने ताठरते. सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली साध्या टायरचे रबर रस्त्यास धरीनासे होते. म्हणून हिवाळी टायरात थंडीतही मऊ राहणारे रबर घालतात आणि त्याच्या नक्षीवर बर्फ धरून ठेवणाऱ्या बारीक चिरा पाडतात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर योग्य टायरांवाचून मोटार आणण्यास २०१० पासून कायद्याने स्पष्ट मनाई आहे. आणि ऑक्टोबर २०२४ पासून तर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण, असे चिन्ह ज्यावर असेल तोच टायर तेथे अशा वेळी ग्राह्य धरतात. बारमाही टायर ही दोन ऋतूंमधील तडजोड होय. आता सांगलीकडे पाहावे. येथे पौषातल्या पहाटेसही पारा १० अंशांच्या खाली क्वचितच उतरतो, आणि वैशाखात दुपारी तो ४० अंशांच्या घरात जातो. डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते. अशा रस्त्यावर हिवाळी टायर फार मऊ पडतो, भराभर झिजतो, आणि ब्रेक दाबल्यावर मोटार थांबावयास अधिक अंतर लागते. आपल्याकडील दुकानांत 'ऑल सीझन' हा शब्द सढळ हाताने वापरतात, व काही टायरांवर 'एम' आणि 'एस' ही अक्षरेही दिसतात. ती चिखल व बर्फ यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे असून निर्माता ती आपल्या अखत्यारीत छापतो. त्यांच्यामागे बर्फावरील परीक्षेची अट नाही. त्यांकडे पाहून एक रुपयाही जास्त देण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आमचा कसोटीचा ऋतू पावसाळा. खुद्द सांगलीत वर्षाकाठी पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर, म्हणजे बेताचाच. त्यामुळे सांगलीकर या बाबतीत थोडा बेफिकीर असतो. पण मोटार काही केवळ गणपतीच्या देवळापर्यंत जाण्यासाठी घेतलेली नसते. रत्नागिरीस जावयाचे तर आंबा घाट, चिपळुणास कुंभार्ली. आणि महाबळेश्वरी तर ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. सकाळी कोरड्या रस्त्यावरून निघालेले कुटुंब दोन-तीन तासांत धुक्यात, वाहत्या पाण्यात आणि तीव्र उतारावर येऊन ठेपते. तेथे चाकाखालचे पाणी नक्षीच्या खाचांतून बाहेर लोटले गेले नाही, तर चाक रस्त्यास न शिवता पाण्यावरच चालू लागते. मग चक्र फिरविले तरी मोटार वळत नाही. गावातही धोका नाही असे नव्हे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी काळी माती रस्त्यावर आणून थापलेली असते. तीवर वळिवाची पहिली सर पडली की जो राडा होतो, तो म्युनिकच्या बर्फाहून फारसा भला नाही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. ते पाणी ओसरल्यावर रस्त्यांवर बसलेला गाळ ज्यांनी पाहिला आहे त्यांस अधिक सांगणे नको.

विजेच्या मोटारीने या प्रश्नास आणखी एक कंगोरा दिला आहे. तिच्या पोटाखाली बॅटरीचे शेकडो किलोंचे ओझे असते. त्यामुळे ती त्याच आकाराच्या पेट्रोल-मोटारीहून जड भरते. तिचा जोरही पाय ठेवताक्षणी संपूर्ण चाकांवर येतो. शिवाय पाय उचलला की तिचे यंत्र उलट वीज निर्माण करीत चाकांस आवरते, आणि हा आवर ज्या चाकांस यंत्र जोडलेले असते त्यांवरच पडतो. ओझे, ओढ आणि आवर या तिन्हींचा भार प्रत्येकी तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांनी वाहावयाचा. सबब टायरच्या अंगावर काय लिहिले आहे ते घरच्या कर्त्या माणसाने स्वतः वाचावे. '२१५/६० आर १६ ९५ एच' असे असेल तर त्यातील ९५ हा आकडा एका टायरची ६९० किलो वाहण्याची शक्ती सांगतो. ९१ असेल तर ६१५ किलो. माप तेच, किंमत कमी, म्हणून दुकानदार ९१ चा टायर पुढे करील, तर तो घेऊ नये. मोटारीच्या दारावरील पट्टीत किंवा पुस्तिकेत जो आकडा असेल त्याच्या खाली उतरावयाचे नाही.

यापुढचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विजेची मोटार घेणारा मनुष्य पहिला प्रश्न हा करतो की, एका चार्जमध्ये ती किती पळते? पुण्यापर्यंतचे सुमारे २३५ किलोमीटर न थांबता जाता आले म्हणजे त्यास कृतकृत्य वाटते. ही हौस ओळखून टायरही 'हलका फिरणारा' म्हणून विकला जातो. पण रबराचा स्वभाव असा की, जे रस्त्यास घट्ट धरते ते फिरताना थोडी शक्ती आपल्यातच जिरविते, व जे हलके फिरते ते ओल्यावर कमी धरते. रबरात सिलिका घालून हा तंटा पुष्कळ अंशी मिटविण्यात आला आहे. तथापि तो साफ मिटलेला नाही, आणि स्वस्त मालात तर तशी आशाच धरू नये. आपल्या सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून नव्या घडणीच्या टायरांस फिरण्यातील विरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा लावून दिल्या, हे चांगले झाले. परंतु मर्यादा म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरते गुण. पहिल्या वर्गाचा शोध ज्याचा त्याने घ्यावयाचा. दहा-पंधरा किलोमीटरांच्या लाभासाठी ओल्यावरील पकड सोडणे हा व्यवहार आम्हांस मान्य नाही. चार्ज कमी पडला तर कराडास चहा घेत अर्धा तास थांबता येते. आषाढात आंब्याच्या वळणावर नातवंडे मागे बसलेली असता असे काही थांबता येत नाही.

बैलगाडीच्या चाकावर लोहाराने लाल तापविलेली लोखंडी धाव एकदा चढविली की वर्षानुवर्षे कोणी तिचा विचार करीत नसे. हवेच्या टायरचे तसे नाही. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात, १.६ मिलिमीटरांखाली गेलेला टायर आपल्या कायद्याने बाद ठरतो, पण पाणी लोटण्याची त्याची शक्ती त्याच्या फार आधी खालावते. मे महिन्यात घराची शाकारणी होते तेव्हाच टायर पाहावेत, आणि ३ मिलिमीटर उरले असल्यास पावसाआधीच बदलावेत. टायरचा जन्मही पाहावा: शेवटचे चार अंक '२३२४' असतील तर तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यातला. यंत्र जोडलेल्या चाकांचे टायर आधी झिजतात, म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरांवर पुढचे मागे व मागचे पुढे करून घ्यावेत. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. दुपारी तापलेल्या टायरातील वाढलेली हवा काढून टाकणारे लोक संध्याकाळी कमी हवेवर मोटार हाकतात. घाटात पाऊस असेल तर उलट आवराची मात्रा कमीवर ठेवावी.

पंक्चरची बाब थोडी निराळी आहे. विजेच्या मोटारीस यंत्राचा आवाज नसल्याने रस्त्याचाच आवाज जाणवतो. तो शोषण्यासाठी काही टायरांच्या आत फेसाळ अस्तर चिकटविलेले असते. टायर असा असेल तर पंक्चरवाल्यास काम सुरू करण्यापूर्वीच तसे सांगावे, कारण तेवढ्या जागेचे अस्तर काढल्याखेरीज आतून ठिगळ बसत नाही. जादा चाक पुष्कळ गाड्यांत नसतेच. घेतानाच विचारून ठेवावे. आणि जॅक लावताना मात्र आपण जवळ उभे राहावे. मोटारीच्या तळास बॅटरी असते. ज्या खुणा पुस्तिकेत दाखविल्या आहेत तेथेच जॅक टेकला पाहिजे, मध्येच कोठे टेकला तर पंक्चर शंभर-दोनशे रुपयांचे आणि दुरुस्ती लाखांची व्हावयाची.