गर्दीत फोन गेला, तरी खाते वाचावे

ऑनलाइन सुरक्षेच्या रोजच्या सवयी : लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण फसव्या फोनकॉलविषयी वाचले. त्या प्रकारात चोराला आपल्याशी बोलावे लागते, आपला विश्वास मिळवावा लागतो. आजचा चोर एक शब्दही बोलत नाही. तो खिशातून फोन काढतो आणि गर्दीत मिसळतो.

लालबाग-परळच्या माणसाला हे नवे नाही. चिंचपोकळीच्या चिंतामणीचे आगमन असो, गणेश गल्लीतली रांग असो की राजाची मिरवणूक, फोन मारले जातातच. २०२५ साली लालबागचा राजा ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला मंडपातून निघाला आणि दुसऱ्या दिवशी रात्री गिरगाव चौपाटीवर त्याचे विसर्जन झाले. त्या गर्दीत फोन गमावलेल्या भाविकांनी तक्रारीसाठी काळाचौकी पोलीस ठाणे गाठले. एरवी वर्षभर दादर स्टेशनचा पूल आणि संध्याकाळची लोकल आहेच.

फोनचे पैसे जातात, त्याचे दुःख होते. पण मोठे नुकसान होते ते आतल्या सिमकार्डामुळे.

फोनला लॉक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमच्या नंबरवर येणारा प्रत्येक ओटीपी त्याला मिळू लागतो. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना सिमवरूनच एक एसएमएस जातो आणि खात्याची ओळख पटते. जुना यूपीआय पिन ठाऊक नसला तरी नवा बनवता येतो. त्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका एटीएम पिनही मागतात. दुसरा मार्ग आधारचा : पहिले सहा आकडे आणि ओटीपी.

हे आकडे चोराला कुठून मिळतात? बऱ्याचदा आपणच देतो. मोबाइलच्या कव्हरमागे लोकलचा पास आणि त्याला चिकटून डेबिट कार्ड किंवा आधार, असे फोन रोज गाडीत दिसतात. म्हणून पहिली सवय ही : कव्हरमागे कार्ड ठेवायचे नाही. कार्डाचा आणि आधारचा फोटोही गॅलरीत नको, कारण हातातून हिसकावलेला फोन बहुधा उघडाच असतो.

दुसरी सवय सिमला पिन लावण्याची. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ असा पर्याय असतो. तो सुरू केला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागितला जातो. मात्र सुरुवातीला कंपनीने ठरवलेला पिन टाकावा लागतो. तो अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला तर सिम अडकते आणि पीयूके क्रमांक लागतो. कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा, मगच बदला. ई-सिम असेल तर ते काढून नेताच येत नाही.

तिसरी : लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. नाहीतर फोन न उघडताही ओटीपी वाचता येतो. चौथी : व्हॉट्सॲपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन लावा. तो नसेल, तर तुमच्या नंबरवरून तुमच्याच मावशीला ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ असा निरोप जाऊ शकतो.

पाचवी सवय कागदाची आहे. फोनवर स्टार-हॅश-०६-हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो, बँकेचा आणि सिम कंपनीचा मदत क्रमांक आणि गुगल खात्याचे बॅकअप कोड एका कागदावर लिहून घरात ठेवा. खात्याचा कोड चोरलेल्या फोनवरच येणार असेल, तर दूरवरून फोन पुसून टाकायला हे बॅकअप कोडच कामी येतात. आणि घरातल्या एकाचा तरी नंबर पाठ असू द्या.

एवढे करूनही फोन गेलाच, तर क्रम चुकवू नका. सोबतच्या माणसाच्या फोनवरून आधी सिम बंद करा. लगेच बँकेला कळवून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. मग पोलीस तक्रार करा आणि तिची प्रत घेऊन ‘संचार साथी’ पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक करा. ही सोय महाराष्ट्रात २०१९ मध्ये आली आणि २०२३ मध्ये देशभर लागू झाली. पुढचे काही दिवस ‘तुमचा फोन सापडला’ अशा मेसेजमधली लिंक उघडू नका. तिथे फोनचा पासकोड काढून घेतात.

बँकेला लगेच कळवण्यामागे नियमाचाही आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, अनधिकृत व्यवहाराची तक्रार नोंदवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे असते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेलेली रक्कम मात्र तक्रार होईपर्यंत ग्राहकालाच सोसावी लागते. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. ‘आधी मिरवणूक संपू दे, मग बघू’ असे म्हणत घालवलेला वेळ महागात पडतो.

या रविवारी घरातल्या सगळ्यांचे फोन समोर घ्या आणि या पाच गोष्टी प्रत्येकावर करा. आजी-आजोबांच्या फोनपासून सुरुवात करा. पेन्शनचे खाते बहुधा त्यांच्याच नंबरला जोडलेले असते.

पुढच्या आठवड्यात : मंडळाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर काय टाकावे, काय टाकू नये.