तणनाशकांची क्रिया आणि प्रत्यक्ष क्षेत्रातील परिणामांची तफावत : गाजरगवताच्या संदर्भात

बीजशब्द : तणनाशक, गाजरगवत, शोषण, वहन, मृदा, प्रतिकारक्षमता

प्रस्तावना

पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती भारतासाठी नवी म्हणून पुण्यातून नोंदली गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली ही नोंद प्रसिद्ध झाली. गाजरगवत किंवा काँग्रेस गवत या नावांनी ती आज सर्वपरिचित आहे. धायरीसारख्या, शेतजमिनीवर वस्ती वाढत गेलेल्या उपनगरात पडीक भूखंड आणि रस्त्यांच्या कडा हे तिचे हक्काचे स्थान होय. एकाच तणनाशकाची एकाच मात्रेत फवारणी करूनही एके ठिकाणी तण करपते, तर दुसरीकडे ते पुन्हा फुटते. अशा वेळी मात्रा वाढविण्याकडे सर्वसाधारण कल असतो. हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा का ठरतो, हे येथे स्पष्ट केले आहे.

तणनाशकांची क्रिया

प्रत्येक तणनाशक वनस्पतीच्या एखाद्या विशिष्ट जीवनक्रियेवर आघात करते. २,४-डी हे ऑक्झिन या वृद्धिसंप्रेरकाची नक्कल करते. त्यामुळे अनियंत्रित वाढ होऊन खोड पिळवटते व रुंद पानांचे तण मरते. ग्लायफोसेट शिकिमेट मार्गातील एका विकराला रोखते. परिणामी फेनिलअॅलॅनिन, टायरोसिन व ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्ले तयार होत नाहीत. अॅट्राझिन प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉनांचे वहन थांबविते. मका त्याचे विघटन करू शकत असल्याने पीक वाचते. पॅराक्वाट सूर्यप्रकाशात काही तासांतच पाने करपविते. परंतु ते स्पर्शजन्य असल्याने मुळांपर्यंत पोहोचत नाही.

तथापि या आघातापूर्वी औषध पानावर टिकणे, मेणचट थरातून आत शिरणे, वाहिन्यांतून वाहणे आणि पुरेशा प्रमाणात क्रियास्थानी पोहोचणे आवश्यक असते. यांपैकी एक दुवा तुटला तरी फवारणी निष्फळ ठरते.

तफावतीची कारणे

पहिले कारण तणाची अवस्था. जमिनीलगत पानांचा गुच्छ असलेले कोवळे गाजरगवत फवारणीस लवकर बळी पडते; फुलोऱ्यावर आलेले झाड दाद देत नाही. शिवाय एक झाड हजारो बिया देते आणि पानांवर फवारलेले ग्लायफोसेट जमिनीतील बियांना मारत नाही. म्हणून पुढील पावसानंतर दिसणारे तण हे जगलेले जुने झाड नसून नवी उगवण असू शकते. लव्हाळ्याच्या बाबतीत जमिनीखालील गाठी हेच कार्य करतात.

दुसरे कारण पाणी व धूळ. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम ग्लायफोसेटशी बद्ध होऊन त्याचे शोषण घटवितात. मातीच्या कणांनाही ते घट्ट चिकटते; त्यामुळे गढूळ पाणी किंवा रस्त्याकडेची धूळ बसलेली पाने परिणाम कमी करतात.

तिसरे कारण हवामान. पाण्याचा ताण पडलेल्या तणात शोषण व वहन मंदावते. फवारणीनंतर लगेच आलेली सर औषध धुऊन नेते.

चौथे कारण मृदा. उगवणपूर्व तणनाशकास ओलावा लागतो. काळ्या भारी जमिनीतील चिकणमाती व सेंद्रिय पदार्थ औषध धरून ठेवतात; हलक्या मुरमाड जमिनीत तीच मात्रा पिकालाही इजा करू शकते.

वाढीव मात्रेचे परिणाम

तुटलेला दुवा मात्रेने सांधला जात नाही. उलट अवशेषांमुळे पुढील पिकाची उगवण बाधित होऊ शकते, तसेच वाऱ्याबरोबर उडालेले २,४-डी शेजारच्या द्राक्ष, कापूस किंवा टोमॅटोला घातक ठरते. एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यास प्रतिकारक्षम तण निवडले जाते. पंजाब-हरियाणातील गव्हात फॅलॅरिस मायनर हे तण १९९० च्या दशकात आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासे झाले, हे त्याचे ठळक उदाहरण. ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली.

निष्कर्ष

फवारणी अयशस्वी झाल्यास तणाची अवस्था, पाणी, हवामान, मृदा आणि नवी उगवण यांची क्रमाने तपासणी करावी. मात्रेचा विचार त्यानंतर. गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटणे आणि १९८४ साली भारतात आणलेल्या झायगोग्रामा भुंगेऱ्यांचे संवर्धन करणे, यांची जोड रासायनिक उपायास द्यावी. महाविद्यालयाच्या आवारातील पडीक जागेवर अशा तुलनात्मक नोंदी ठेवणे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगोल या तिन्ही विभागांना सहज शक्य आहे.