जखमी माणसाचे घर

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा नव्या श्रमसंहिता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. आम्ही मात्र आज मोटारसायकलीच्या अपघातावर बोलणार आहोत. आणि तेही जखमी झालेल्या माणसावर थोडे, त्याच्या बायकोवर अधिक. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींतला कामगार वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या खेड्यातून मोटारसायकलीने कामावर येतो. दुसरी पाळी सुटते ती रात्री. ऊस हंगाम असला तर रस्त्यावर मागे लाल दिवा नसलेल्या जोडट्रॉल्या उभ्या असतात. पुढचे सांगावयास नको.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. जखमी झाले ४,४३,३६६. मेलेल्यांचा तेरावा होतो, फोटोला हार पडतो. जखमींपैकी जे महिनोन् महिने खाटेवर राहतात, त्यांच्या घराचे काय होते हे कोणत्याही अहवालात नाही. आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तथापि अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर आम्ही बऱ्याच रात्री काढल्या आहेत, आणि तेथे जे कळले ते चार लोकांना आधी माहीत असावे असे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे आत काय चालले आहे हे त्या बाईला समजले पाहिजे. पाच मिनिटांसाठी आत सोडतात. चेहरा सुजून ओळखू येत नाही, डोके भादरलेले, तोंडात नळी, यंत्राचा सारखा आवाज. ती बाहेर येऊन म्हणते, "ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत." वस्तुतः बहुतेक वेळा त्याला औषध देऊन मुद्दाम गुंगीत ठेवलेले असते. कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. पाय मुरगळला तर सूज बाहेर येते. मेंदूला सूज आली तर तिला जायला जागा नाही. दाब वाढतो, रक्त पोचेनासे होते, आणि पहिल्या माराने वाचलेला भाग दुसऱ्या माराने जातो. पहिले काही दिवस डॉक्टरांची सारी झटापट या दाबाशी असते. म्हणून गुंगी, म्हणून श्वासाचे यंत्र, आणि कधी कधी कवटीचा तुकडा काढून ठेवणे. तो तुकडा टाकून देत नाहीत. पोटाच्या कातडीखाली किंवा शीतपेटीत जपून ठेवतात आणि सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, परत बसवितात. हे वाक्य कोणी आधी सांगितले नाही, तर अर्धे डोके खोलगट दिसणारा नवरा पाहून बाई जागीच कोसळते.

डॉक्टर 'स्कोअर' सांगतात, त्याचाही अर्थ लावून घ्यावा. ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन शल्यवैद्यांनी १९७४ साली ही मोजणी काढली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हातापायांच्या हालचालीला ६, असे मिळून १५ गुण. १५ म्हणजे पूर्ण शुद्ध. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर. यातली गोम अशी की सर्वांत खालचा गुण शून्य नसून ३ आहे. ज्याच्यात कसलीच हालचाल नाही त्यालाही ३ मिळतात. "पंधरापैकी तीन तरी आहेत" असे म्हणत एक म्हातारी आई पेढे आणावयास निघालेली आम्ही पाहिली आहे. आणि तोंडात नळी असेल तर बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत. तेव्हा एका दिवसाच्या आकड्यावरून हर्ष किंवा शोक करू नये. आज काल, काल परवा, अशी ओळ कोणीकडे चालली आहे ते पाहावे.

बाहत्तर तासांचे असेच. बाहत्तर तास गेले की निकाल, असे आपल्याला चित्रपटांनी शिकविले आहे; डोक्यावर दुसरा तडाखा बसला की स्मृती परत येते हेही त्यांनीच शिकविले. प्रत्यक्षात तीन दिवस हा लढ्याचा पहिला टप्पा असतो. शुद्ध येणे हे दिव्याचे बटण दाबल्यासारखे नसते. माणूस डोळे उघडतो पण ओळखत नाही, नळ्या उपसतो, म्हणून हात कापडाने बांधावे लागतात. कित्येक जण शिव्या देतात. ज्याने जन्मात बायकोला अरे-तुरे केले नाही तोही देतो. ती समजते की मनात दडलेले बाहेर आले. तसे नव्हे. तो जागा होणाऱ्या मेंदूचा गोंधळ असतो, आणि पुष्कळांत तो दिवसा-आठवड्यांनी ओसरतो.

कोणाच्या बाबतीत हा टप्पा येतच नाही, हेही सांगितले पाहिजे. बेशुद्धी आणि मेंदूमृत्यू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बेशुद्ध माणूस जिवंत असतो. मेंदूमृत्यू ठरविण्याची रीत १९९४ च्या अवयव-प्रत्यारोपण कायद्यात घालून दिली आहे: चार डॉक्टरांचे मंडळ, आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. तसा निर्णय झाला तर छाती हलते ती केवळ यंत्रामुळे. हे बाईला जिन्यात उभ्या-उभ्या सांगू नये. खुर्ची द्यावी, बरोबर तिचे माणूस असावे, आणि प्रश्न विचारायला वेळ द्यावा. अवयवदानाचे त्यानंतर विचारावे.

आता बाहेरच्या बाकाकडे येऊ. पहिल्या आठ दिवसांत तेथे गर्दी मावत नाही. तालमीची पोरे येतात, रक्त देतात; खात्यातले कामगार येतात, पाहुणे गाडी भरून येतात. प्रत्येक जण वहिनींना एकच वाक्य ऐकवितो, "धीर धरा." आणि प्रत्येकाला ती तीच हकीकत पहिल्यापासून सांगते. दिवसात चाळीस वेळा तो अपघात तिच्या तोंडून होतो. तिने जेवले नाही हे कोणाला दिसत नाही. घरी जाऊन दोन तास झोप म्हटले तर तिला स्वतःलाच अपराध वाटतो, आणि सासरचे कोणी तरी पुटपुटते की नवरा आत आणि ही घरी झोपायला निघाली. तिसऱ्या महिन्यात त्याच बाकावर ती एकटी असते.

आम्ही संपाच्या माणसांतले आहोत, म्हणून हे आम्हांला ओळखीचे वाटते. संपाच्या पहिल्या सभेला मैदान भरते; संप टिकतो की मोडतो ते ज्वारी संपल्यावर ठरते. म्हणून आमच्या युनियनने एक साधी रीत पाडली आहे. पहिल्याच दिवशी वही घालावयाची आणि पाळ्या लावावयाच्या. डॉक्टरांशी बोलणारे माणूस एकच, आणि ऐकलेले तारखेसह वहीत. नातेवाइकांचे फोन घेणारे माणूस दुसरेच. वहिनींच्या हातातला फोन काढून घेणे ही पहिली मदत. रात्रीला दोघे, आणि त्यांतली एक बाई. डबा कोणाचा, मुलांना शाळेत कोण सोडणार, म्हशीची धार कोण काढणार, हे सारे नावानिशी. आठ दिवसांत सगळ्यांची रजा संपवावयाची नाही. निम्मी माणसे मुद्दाम दुसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवावयाची. आणि वहिनींची स्वतःची रक्तदाबाची गोळी, ती कोण आठवण करून देणार, हेही लिहून ठेवावयाचे. ती बाकावर बसून राहिली म्हणून आतली सूज उतरत नाही. सूज उतरल्यावर मात्र दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायला, नाही तर पाठीला जखमा पडतात त्या टाळायला, घरी तीच उरते. तिचे बळ तेव्हासाठी हवे.

मुलांना खोटे सांगून मामाच्या गावाला धाडण्याची चाल आम्हांला पसंत नाही. मुलांना घराचा वास लागतो. बाबांच्या डोक्याला मोठा मार लागला आहे आणि डॉक्टर प्रयत्न करीत आहेत, एवढे खरे सांगावे. अंगाऱ्याबद्दल आमचे कोणाशी भांडण नाही. घरातल्या तसबिरीला लावावा, नळीजवळ नेऊ नये, कारण जंतूला देवस्थान कळत नाही. मात्र जी माणसे या प्रसंगी सुनेचा पायगुण काढतात, त्यांना इस्पितळाच्या फाटकाच्या बाहेर ठेवण्याचे काम युनियनने बिनदिक्कत करावे.

पैशाकडे येऊ. येथे अज्ञानाची किंमत फार पडते. ५ मे २०२५ रोजी केंद्राने अपघातग्रस्तांसाठी योजना लागू केली. तिच्यात नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, १।। लाख रुपयांपर्यंत उपचार रोख न भरता होतात. राज्यात महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना आहे; तिच्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत सोय आहे. शिधापत्रिका आणि आधार पहिल्या दिवशी पिशवीत हवे. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दावा सहा महिन्यांत करण्याची अट २०१९ च्या दुरुस्तीने घातली आणि ती २०२२ पासून अमलात आली. त्या अटीवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तो कसाही सुटो, आपण सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकावा.

पण कामगाराच्या घरी सर्वांत मोठा प्रश्न निराळाच असतो. तो कामावर जाताना पडला, की कामावरून येताना, की पाहुण्याच्या लग्नाला जाताना? राज्य विम्याच्या कामगाराला साधे आजारपण ठरले तर मजुरीच्या ७० टक्के, तेही वर्षात ९१ दिवस. कामावरची इजा ठरली तर ९० टक्के, आणि असमर्थता असेपर्यंत. या दोहोंतला फरक म्हणजे त्या घराची चूल. पूर्वी कारखान्याच्या फाटकाबाहेरचा अपघात कामाचा नव्हेच, असे वकील ठासून सांगत. २०१० साली राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते कामाची जागा हा प्रवास, कामाशी संबंध जुळत असेल तर, कामाचाच धरला गेला. तरीही १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली वाद चालूच राहिला. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलीने निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. त्याच्या घरच्यांना न्याय मिळाला तो सर्वोच्च न्यायालयात, २९ जुलै २०२५ रोजी. बावीस वर्षे! हे दोन्ही जुने कायदे ज्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जाण्यायेण्याच्या अपघाताची तरतूद तिच्यातही आहे. पण कागद बोलला पाहिजे. पोलिसांच्या पंचनाम्यात आणि इस्पितळाच्या पहिल्या नोंदीत "कामावरून घरी येताना" हे शब्द आणि वेळ आली पाहिजे, आणि हजेरीची नक्कल त्याच आठवड्यात हाती घेतली पाहिजे. त्या गोंधळात बायकोला हे सुचणार नाही. म्हणून ते आमचे काम.

बँकेचेही असेच एक दुखणे आहे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर खाते, तो बेशुद्ध, बायको लग्नाची असली तरी तिला एक रुपया काढता येत नाही. बेशुद्ध माणसाचा अंगठा उमटवून घेण्याचा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक व्हरांड्यात असतात. तो गुन्हा आहे, आणि पुढे भाऊबंदकी निघाली की तोच कागद बाईच्या अंगावर येतो. बेशुद्ध प्रौढाचा पालक नेमण्यासाठी आपल्याकडे नीट असा वेगळा कायदा नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली त्यासाठी मार्गदर्शक रीत घालून दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली एका पत्नीला बेशुद्ध पतीची पालक नेमले. म्हणजे वाट आहे, पण ती उच्च न्यायालयातून जाते. संयुक्त खाते उघडण्याचा फॉर्म एका पानाचा असतो. आमच्या सभासदांच्या बैठकीत आम्ही हेल्मेटआधी हा फॉर्म वाटतो. हेल्मेट घरी खुंटीला राहते, सही केलेला फॉर्म मात्र बँकेत राहतो.

जखमी बाई असली तर? मागे एका अंगाने बसलेली, पदर किंवा ओढणी चाकात गुंतलेली, आणि डोक्यावर काही नाही. असे अपघात कमी नाहीत. तेव्हा नवऱ्याकडून कोणी सेवेची अपेक्षाच करीत नाही. मेहुणीला नाही तर सासूला बोलावणे जाते आणि तो फाटकाशी विड्या ओढीत उभा राहतो. त्याला भरविता येत नाही, वेणी घालता येत नाही, असे नाही. शिकविले नाही एवढेच. लेथवर हजाराव्या भागाचे माप धरणाऱ्या हाताला चमचा धरता येतो. आमच्या पाळ्यांच्या वहीत त्याचेही नाव असते.

घरी आल्यावर खरा लांबचा प्रवास सुरू होतो. हाडे जुळतात, पण कपाळामागच्या मेंदूला मार बसलेला माणूस कधी उतावळा होतो, कधी तासन् तास गप्प राहतो, पैसा उधळतो, मुलांवर हात उगारतो. शेजारी म्हणतात, "नशीब, वाचला." बायको ते ऐकून घेते, आणि जो गेला त्याच्यासाठी तिला रडताही येत नाही, कारण तो समोर जेवत असतो. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची कुटुंबे १९७० नंतरच्या दशकात पाहिली आणि या दुःखाला नाव दिले. १९९९ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याला आपण अधांतरी वियोग म्हणू. बेपत्ता सैनिक देहाने नसतो आणि मनात असतो; हा देहाने असतो आणि पूर्वीचा नसतो. अशा बायकांना आम्ही एकमेकींशी गाठ घालून दिली. त्या महिन्यातून एकदा कचेरीत बसतात. काय बोलतात ते आम्ही विचारीत नाही. चहा बाहेर ठेवून दार लावून घेतो.

आणि माणूस थोडाबहुत बरा होऊन कारखान्यात परत आला तर? २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचारी काढता येत नाही किंवा खालच्या हुद्द्यावर ढकलता येत नाही. खाजगी कारखान्यावर हे कलम तसे बांधून घातलेले नाही. भट्टीवर उभे राहणे ज्याला जमणार नाही त्याला साठागारात, नाही तर फाटकावर, त्याच पगारात हलके काम द्यावे, असे कलम आम्ही यंदाच्या मागणीपत्रात घातले आहे. मालकपक्षाने 'त्याच पगारात' हे दोन शब्द काढावयास सांगितले आहेत. बोलणी चालू आहेत.