वेळेपेक्षा डबी महाग

जानेवारी १६६६. फ्रेंच जवाहिऱ्या झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये ढाक्याला बंगालच्या सुभेदाराच्या भेटीला गेला. हा सुभेदार म्हणजे शाइस्तेखान. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या लाल महालात बोटं गमावल्यावर औरंगजेबाने त्याला तिकडे धाडलं होतं. खानाला ताव्हेर्नियेने जरीचं वस्त्र आणि पाचूचा दागिना नजर केला. खानाच्या दहाएक वर्षांच्या मुलाला मिळालं घड्याळ: मिनाकाम केलेल्या सोन्याच्या डबीतलं. सोबत पिस्तुलं आणि दुर्बीण.

वेळेच्या बाबतीत असलं घड्याळ बेभरवशाचंच. एकच काटा, तोही तासाचा. दिवसाकाठी अर्धा तास इकडेतिकडे सहज होई. आपल्याकडचं तांब्याचं घटिकापात्र बुडालं की चोवीस मिनिटांची घटका भरली, हा हिशेब त्याहून पक्का होता. पण घड्याळ गळ्यात किंवा कमरेला मिरवायचं, आणि मिरवायची ती डबी.

या डब्यांचं माहेर फ्रान्समधलं ब्ल्वा आणि त्याचा परिसर. तिथल्या शातोदँ गावच्या झाँ तूतँ या सोनाराने १६३२ च्या सुमारास नवी रीत बसवली. त्याआधी मिना बहुधा कोरलेल्या खळग्यांत किंवा तारेच्या घरांत भरत. तूतँने सोन्यावर पांढऱ्या मिन्याचा थर भाजून घेतला आणि त्या गुळगुळीत पाटीवर धातूंच्या भस्मांचे रंग बारीक कुंचल्याने भरले. जास्त आच सोसणारा रंग आधी, नाजूक रंग शेवटी. दर थराला पुन्हा भट्टी. पत्रा वाकून मिना तडकू नये म्हणून आतूनही मिना चढवायचा. मग ती आतली बाजू तरी कोरी का ठेवा? तिथे निसर्गचित्र, बाहेर सिमों व्हुएसारख्या चित्रकारांच्या चित्रांवरून उतरवलेल्या देवदेवता. एक भाजणी बिघडली की आधीची सारी मेहनत वाया.

पुढे जिनिव्हाच्या हुओ घराण्याने ही कला गाजवली. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या कडक शिस्तीत दागिन्यांवर बंधनं आली, तेव्हा तिथले सोनार घड्याळांकडे वळले होते. १६०१ मध्ये घड्याळजींचा संघही उभा राहिला. पिएर हुओची तिन्ही मुलं मिन्यावर चित्रं काढत. त्यांपैकी झाँ-पिएर आणि आमी १६८६ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या दरबारी चित्रकार म्हणून बर्लिनला गेले.

आता पुन्हा ताव्हेर्नियेकडे. सुरतेहून आग्र्याकडे जाणारी वाट बुऱ्हाणपूरवरून जाई. ताव्हेर्निये याच वाटेने गेला. बुऱ्हाणपूरची तलम मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते, हे त्याने नोंदवलं. इथून कापड आणि हिरे बाहेर जात. उलट दिशेने दरबारांच्या नजराण्यासाठी अशा नवलाईच्या वस्तू येत.

१६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने घड्याळाच्या डोलत्या चक्राला बारीक सर्पिल स्प्रिंग जोडली. घड्याळं नेमकी वेळ दाखवू लागली आणि मिनिटकाटा रुळला. अठराव्या शतकात पांढरा मिना तबकडीवर आला. त्यावर देवदेवतांऐवजी काळे आकडे होते.